रोज यायची गरज नाही

दहावीचा निकाल लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजात मीटिंग झाली. कॉलेज म्हणजे भोकरदन तालुक्यातल्या एका फाट्यावरच्या चार खोल्या, पुढं पत्र्याचा व्हरांडा आणि गेटवर संस्थेचा बोर्ड. अकरावी-बारावी, फक्त कला शाखा. मी तिथं तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचे. म्हणजे नेमणूक वर्षापुरती, आणि ती मुलांच्या संख्येवर. संस्थेचे अण्णासाहेब फार बोलत नाहीत. तुकडी भरली तर तुकडी राहील आणि तुकडी राहिली तर तुम्ही राहाल, एवढं ते म्हणाले. प्रत्येकानं आठ ॲडमिशन आणायच्या. क्लार्क धर्मराज यांनी आम्हाला याद्या वाटल्या. माझ्या यादीत बावीस नावं होती आणि प्रत्येक नावापुढं एकच विषय लिहिलेला होता, गणित.

"गणितात गेलेल्याकडं आधी जायचं मॅडम," इतिहासाचे भागवत सर मोटारसायकल वळवता वळवता म्हणाले. "पास झालेली पोरं भोकरदनला जात्यात, जालन्याला जात्यात. गणितवाले कुठंच जात न्हाईत. त्यांना वाटतं, संपलं सगळं. आपण दारात गेलो की चहा होतो."

सर गेली नऊ वर्षं हे करत आले होते, त्यामुळं त्यांचं बरोबरच होतं. मीही दुसऱ्या वर्षी पाठ केलं होतं काय बोलायचं ते. गणित राहिलं तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं, वर्ष वाया जात नाही. कला शाखेत पुन्हा गणित नाही, राहिलेला पेपर मागून काढायचा. हे दोन ऐकून आईबाप मान हलवायचे. आणि मग तिसरं सांगितलं की घरात जाऊन पिशवीतून कागद काढून आणायचे. रोज यायची गरज नाही. परीक्षेला आलं तरी चालतं.

मूळ मार्कशीट आणि मूळ टीसी हातात घ्यायची, मागच्या बाजूला पेन्सिलनं आपलं नाव लिहायचं. टीसी एका वेळी एकाच ठिकाणी राहते. ती आपल्याकडं आली की मूल दुसरीकडं जाऊ शकत नाही, एवढाच त्यातला हिशोब.

जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी सात जणांचे कागद गोळा केले. अक्षू सोबत असायची. अडीच वर्षांची आहे, तिला ठेवणार कुणाकडं? सुमित, म्हणजे अक्षूचे पप्पा, वाळूजच्या कंपनीत शिफ्टला असतात आणि सहा जणांत एका खोलीत राहतात. सासूबाई कुंभार पिंपळगावला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि सासऱ्यांना अर्धांग झाल्यापासून सासूबाईंना तिथून हलता येत नाही. मी हसनाबादला स्टँडच्या मागं एक खोली घेऊन राहिलेय. घरमालक खाली, आम्ही वर. कधी कधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझं बोलणं फक्त अक्षूशी होतं, आणि ती ज्या शब्दांत उत्तर देते ते मोजून दीडशे आहेत. मी खरंच मोजले होते एकदा, कारण मला भीती वाटायची की ती उशिरा बोलतेय.

आठवं नाव शीतल. गणितात एकोणतीस. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत तर चौसष्ट. घर गावाच्या कडेला, मागं मोसंबीची बाग. अंगणात विहीर होती, कठडा गुडघ्याएवढाच. आत शिरल्या शिरल्या मी अक्षूचा दंड धरला तो सोडलाच नाही. शीतलचे वडील राधेश्याम बाजेवर बसले होते. शेजारी आजी, सोनूबाई, पाय पसरून. आई शेतात गेल्ती. शीतल दाराच्या चौकटीत उभी होती. दोन वेण्या, निळसर जुना ड्रेस, आणि हातात काहीच नाही. मला ते लक्षात राहिलं, कारण पाहुणे आले की मुलींच्या हातात काहीतरी असतंच.

चहा आला तेव्हा मी कपांकडं बघितलं. ही माझी लहानपणापासूनची सवय आहे, आडनाव सांगून झालं की कप बघायचा. सगळ्यांचे सारखेच होते. जरा सैल बसले.

राधेश्यामभाऊंना फार सांगावं लागलं नाही. त्यांना निकालापेक्षा निकालानंतरचं जास्त लागलं होतं. गल्लीतली चार पोरं पास, ही एकटी नापास. गिरणीत गेलं तरी लोक विचारतात, पोरीचं काय. "निदान ॲडमिशन झाली म्हणता आलं पाहिजे," ते म्हणाले. "पुढं सोयरीक निघाली तर अकरावीला हाय म्हणता येतं."

"होईल की. आणि रोज यायची गरज नाही," मी म्हणाले. आठव्यांदा म्हणत होते, तोंडात बसलं होतं. "घरचं काम करून अभ्यास करता येतो. परीक्षेला आली तरी चालतं."

"मंग तर बेस्टच," भाऊ म्हणाले आणि कागद आणायला उठले.

शीतल चौकटीतून हलली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, बाळाला बघते मी, विहीर आहे. मी दंड सोडला. तिनं अक्षूला कडेवर घेतलं, विहिरीच्या उलट्या बाजूला नेलं, गोठ्यातलं वासरू दाखवलं. मी बोलत होते भाऊंशी, पण बघत होते तिकडं. माझं असंच असतं. ती अक्षूला काहीतरी सांगत होती, खूप वेळ, मन लावून, जसं मोठ्या माणसाला सांगतात तसं. अक्षूला त्यातलं निम्मं कळत नसणार.

निघताना ती फाटकापर्यंत आली. अक्षूला माझ्याकडं देताना हळूच म्हणाली, "मॅडम, रोज आलं तर चालंल का पण?"

"चालेल की," मी म्हणाले.

"तास होत्यात ना रोज?"

"होतात."

ती हसली नाही, पण तिचा चेहरा खुलला. मी पिशवी खांद्याला लावून फाट्याकडं चालू लागले आणि अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की महिन्याभरात कुणी मला एवढ्या आशेनं काही विचारलं नव्हतं आणि मी तिला खोटं सांगितलं होतं.

तास होत नव्हते. मागच्या वर्षी अकरावीच्या पटावर सत्तेचाळीस नावं होती. जुलैत अकरा मुलं यायची, दिवाळीनंतर दोन मुली, आणि संक्रांतीनंतर त्यातल्या एकीचं लग्न झालं म्हणून दुसरीनंही सोडलं. मी मात्र रोज जायचे, कारण सही करायची असते. एका खोलीत बाकं, एका खोलीत मी आणि अक्षू. भागवत सर सही करून शेतावर जायचे. मी थांबायचे. थांबून काय करायचे हे कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं. बाकं पुसायचे. फळ्यावर तारीख लिहायचे.

दुसऱ्या दिवशी मी आठ जणांचे कागद धर्मराज यांच्या टेबलावर ठेवले. ते खूश झाले. भागवत सरांचे अकरा झालेत आणि तुमचे आठ, म्हणजे तुमचं काम झालं, असं म्हणाले. मी वर्गात जाऊन बसले. सुट्ट्याच होत्या, पण घरी तरी काय होतं. अक्षू बाकांमधून फिरत होती. मग ती माझ्या खुर्चीवर चढली, टेबलावरची जुनी वही उघडली आणि बोट ठेवून नावं घ्यायला लागली. तिला येतात तेवढी. आजी. पप्पा. वासरू. प्रत्येक नाव घेतलं की मान वर करायची, रिकाम्या बाकाकडं बघायची आणि स्वतःच बारीक आवाजात म्हणायची, हजल.

मी हसायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर व्हिडिओ काढला असता. मी नुसती बघत राहिले. तिनं हे कुठून उचललं? मी तर हजेरी मोठ्यानं घेत नव्हते, मागच्या वर्षी शेवटी शेवटी घ्यायलाच कुणी नव्हतं. मग आठवलं. फेब्रुवारीत काही दिवस मी घेत होते. उगाच. खोलीत आवाज व्हावा म्हणून.

आणि डोळ्यांसमोर शीतल आली. दोन वेण्या घालून, डबा घेऊन, रोज पायी फाट्यावर येणारी. पहिले आठ दिवस ती वाट बघेल. पंधराव्या दिवशी तिला कळेल. मग ती घरी सांगणार नाही, कारण घरी सांगितलं तर येणं बंद होईल. ती येऊन बसत राहील. माझ्यासारखीच.

संध्याकाळी सुमितचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिच्या बापानं राजीखुशीनं दिलंय ना? मंग तू काहून डोक्याला ताप करून राह्यली." मी म्हणाले, तिला रोज कुठंतरी जायचंय. ते म्हणाले, सगळ्यांनाच जायचं असतं. मग जरा थांबून, "संध्या, तुझं गेलं तर तुला पिंपळगावला आईकडं जावं लागंल. इथं मी पाचव्या माणसाच्या पायाशी झोपतो. बघ बाई." त्यांचं चुकत नव्हतं. मागून कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली, आणि फोन बंद झाला.

सकाळच्या गाडीनं मी अक्षूला घेऊन भोकरदनला गेले, आयटीआयमध्ये. खिडकीतल्या माणसानं माझ्याकडं, मग अक्षूकडं बघितलं आणि विचारलं, ॲडमिशन कुणाची? मी सांगितलं, दहावीला गणित राहिलेली एक मुलगी आहे, तिला काय मिळेल. त्यानं एक कागद पुढं सरकवला. बरेच ट्रेड दहावी पास मागतात, पण दोन-तीन नापासालाही चालतात. वायरमन, वेल्डर, शिवणकाम. फॉर्म ऑनलाइन भरायचा, नंबर लागला की मूळ कागद घेऊन यायचं. शेवटची तारीख आठ दिवसांवर होती. हजेरीचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, ऐंशी टक्के, त्याच्या खाली गेली तर परीक्षेला बसू देत नाही, इथं घरी बसून काही होत नाही ताई. तो तक्रार केल्यासारखा म्हणाला. मी तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, पिशवीत नाही, पिशवी अक्षू उपसते म्हणून.

तिथूनच फाट्यावर उतरले. धर्मराज यांना म्हणाले, शीतलची टीसी आणि मार्कशीट परत पाहिजे.

"काहून? झेरॉक्स राह्यली का?"

"नाही. ती इथं येणार नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांची स्वतःची नेमणूकही तुकडीवरच आहे. "मॅडम, अजून नाव चढवलेलं न्हाई, म्हून देता येतं. उद्या आल्या असत्या तर देता आलं नसतं." मग हळू आवाजात, "तुमचे सात होतील. अण्णासाहेबाला काय सांगू?"

"सात सांगा."

"यादीत अजून नावं असतील की. एखादं आणा."

आणता आलं असतं. यादीत चौदा नावं उरली होती. पण त्या दिवशी कुणाच्याही अंगणात जाऊन तेच वाक्य बोलायला माझं तोंड उघडलं नसतं, हे मला माहीत होतं. मी कागद घेतले. शीतलच्या मार्कशीटच्या मागं पेन्सिलनं लिहिलेलं माझं नाव तिथंच उभ्या उभ्या खोडलं.

राधेश्यामभाऊ बागेतून नुकतेच आले होते, पाय धूत होते. मला बघून त्यांना वाटलं फीचं काही राहिलं. मी कागद त्यांच्यासमोर धरले आणि म्हणाले, भाऊ, मी चुकीचं सांगितलं होतं. आमच्याकडं तास होत नाहीत. मुलं येत नाहीत. शीतल आली तर एकटी बसेल.

त्यांनी हात न पुसताच कागद घेतले. "तुम्हीच म्हन्ल्या ना यायची गरज न्हाई. मला कुठं पाठवायचीय रोज? मला तेच पटलं होतं."

"तिला यायचंय, भाऊ."

"तिनं तुम्हाला सांगितलं?"

शीतल चौकटीतच होती. तिचं तोंड पांढरं पडलं. मी तिला अडचणीत आणलं हे मला तेव्हा कळलं. मी आयटीआयचा कागद काढला, उघडला, आणि भराभर बोलत सुटले. दोन वर्षांचा ट्रेड, सरकारी, नापासाला चालतो, जुलैची परीक्षा देऊन गणितही काढता येईल, शाळेतून फॉर्म भरायचा, मी शिकवीन हवं तर, माझं गणित बरं होतं. एरवी मी हे सावकाश, टप्प्याटप्प्यानं बोलते. त्या दिवशी जमलं नाही.

भाऊंनी कागद लांब धरून वाचला. "वायरमन," ते म्हणाले. "म्हंजी पोरगी खांबावर चढणार? लोकं मलाच सुळावर चढवतील." मग माझ्याकडं बघून, "कॉलेजवाले पोरं न्यायला येतेत हे म्या बघितलंय. परत आणून द्यायला आलेलं पहिल्यांदाच बघून राह्यलो. तुमचं काय गणित आहे मॅडम?"

उत्तर होतं, पण ते अंगणात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मी शीतलला विचारलं, तुला यातलं कोणतं आवडेल, शिवणकामही आहे.

तिनं वडिलांकडं न बघता विचारलं, "रोज कोणत्याला जावं लागतं?"

"सगळ्याला. ऐंशी टक्के हजेरी."

"मंग कोणतंबी."

भाऊ चिडले. कोणतंबी म्हणजे काय, भाजी घ्यायला चाललीस का, असं काहीसं म्हणाले. घरात आजी एकटी, तिला पाणी कोण देणार, भाकरी कोण टाकणार, सगळं निघालं. कागद त्यांनी पाण्याच्या टाकीवर ठेवले. वाऱ्यानं हलत होते. मी ते उडतील म्हणून बघत होते आणि हात लावायची हिंमत होत नव्हती, कारण आता ते माझे नव्हते.

मला वाटलं होतं, आजी सोनूबाई झोपल्यात. त्यांनी मुलाला हातानं जवळ बोलावलं. पण बोलल्या मोठ्यानं, कमी ऐकणाऱ्या माणसासारख्या, सगळ्या गल्लीला जाईल एवढ्या.

"राध्या, महिना झाला. ही पोरगी माझ्याबिगर कुणाशी बोल्ली न्हाई. समदं मला सांगती. दिसभर सांगती. आन मला ऐकू येत न्हाई रं."

शीतल आत गेली. भाऊ बाजेवर बसले आणि टॉवेलनं पाय पुसू लागले, केव्हाच वाळलेले पाय. मग म्हणाले, "फॉर्म भरायचं दुकान किती वाजता उघडतं भोकरदनात?"

दहाला, मी सांगितलं.

त्यांनी मला निघताना चहा विचारला नाही. रागात होते माझ्यावर, आणि तो राग बरोबर होता. पण कागद टाकीवरून उचलून त्यांनी खिशात ठेवले, हे मी फाटकातून वळून बघितलं.

अण्णासाहेबांनी मला बोलावून सांगितलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वेळापत्रक लागलं, त्यात माझे तास भागवत सरांच्या नावापुढं होते. मराठीला इतिहासवाले चालतात, धर्मराज माझ्याकडं न बघता म्हणाले, पट कमी आहे ना. मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ये, घर तुझंच आहे. आवाजात थकवा होता, मलाही त्यांच्यासाठी वाईट वाटलं. खोलीचं भाडं ऑगस्टअखेरपर्यंत दिलेलं होतं, म्हणून तोपर्यंत राहायचं ठरलं. सुमित नुसतं म्हणाले, अक्षूला ताप वगैरे नाही ना.

शीतलचा नंबर लागला हे मला तिच्याकडून कळलं नाही. स्टँडवर कळलं. ऑगस्टातली सकाळ, मी अक्षूला घेऊन खाली दूध आणायला आले होते. भोकरदनची गाडी उभी होती. पाच-सहा मुली एका घोळक्यात, निळ्या गणवेशात, आणि त्यांच्या मधोमध शीतल, हातवारे करून काहीतरी सांगत होती. तारा सोलायचं काहीतरी असावं, दोन बोटांनी दाखवत होती. सगळ्या हसत होत्या. तिचा आवाज मला रस्त्याच्या या बाजूला येत होता. मी तो आवाज एवढा मोठा असेल असं कधी धरलं नव्हतं.

तिनं मला बघितलं आणि पळत आली. मॅडम, म्हणाली, मी वायरमनला आहे, आमच्यात तिघीच मुली आहेत, आजीला एक मशीन घेतलंय कानाचं पण ती घालत नाही. एका दमात. गणिताचा जुलैचा पेपरही दिला होता तिनं, गेला की राहिला ते कळायचं होतं, पण त्याचं तिला आता फार काही वाटत नसावं. अक्षूचा गाल ओढला. मग विचारलं, "तुमचं कॉलेज चालू झालं ना?"

"झालं," मी म्हणाले.

"पोरं येत्यात का यंदा?"

"येतात. बरीच येतात."

"बरं झालं मॅडम," ती म्हणाली आणि खरंच तिला बरं वाटलं. कंडक्टरनं घंटी मारली. ती वळली, रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघायचं विसरली, पण पोचली. मैत्रिणींनी तिची जागा धरून ठेवली होती. खिडकीतून कुणाचा तरी हात बाहेर येऊन तिला जल्दी चल म्हणून खुणावत होता.

गाडी गेली. अक्षू विचारत होती, आपण कुठं जायचं. दूध तर घेतलं होतं. मी तिला म्हणाले, थांब जरा, आणि आम्ही दोघी दुसरी गाडी लागेपर्यंत तिथंच बाकावर बसून राहिलो.